उघड हिशेबाचे नियोजनकार : धनंजयराव गाडगीळ

जळगाव शहरानजीकचे असोदा हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते बहिणाबाई चौधरी यांचे माहेर म्हणून. २४ ऑगस्ट १८८० रोजी याच गावी महाजनांच्या घरात त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीने शेताचे आणि संसाराचे जे शहाणपण आपल्या गाण्यांतून मांडले, त्याची थोरवी मराठी माणसाला वेगळी सांगण्याची गरज नाही. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, स्वतंत्र भारताची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली तीही १९५१ सालीच. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु दिल्लीत आखलेल्या योजनेची खरी परीक्षा जेथे व्हायची होती, ती असोद्यासारखीच गावे होती. कपाशी, ज्वारी आणि केळीवर जगणाऱ्या या गावांत सरकारी कागदावर विश्वास ठेवण्याची सवय फारशी नव्हती, आणि त्याला कारणेही होती.

खानदेशच्या इतिहासातच याचे दाखले सापडतात. १८५२ साली इंग्रज सरकारने जमिनीची मोजणी सुरू केली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी तिच्याविरुद्ध मोठा उठाव केला. मोजणी म्हणजे साऱ्याची वाढ, असा लोकांचा पक्का समज झाला होता. सरकार आपली जमीन मोजते आहे ते आपल्या भल्यासाठी, हे मान्य करायला कोणीही तयार नव्हते. पुढे चौऱ्याऐंशी वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, त्याच फैजपूरला राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. शेतसारा, खंड आणि कर्जबाजारीपणा या प्रश्नांवर तेथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. १९३८ साली काँग्रेसने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपदही नेहरूंकडेच आले. ज्या परिसराने मोजणीला विरोध केला, त्याच परिसरात स्वराज्याच्या शेतीकार्यक्रमाचा ठराव झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

स्वातंत्र्यानंतर नियोजनावरचा हा विश्वास वाढीस लागला, आणि साठच्या दशकाच्या मध्यास तो जवळजवळ संपुष्टातही आला. तो पुन्हा उभा करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर सोपविण्यात आली, ते गृहस्थ मराठी होते. डॉ. धनंजय रामचंद्र गाडगीळ हे त्यांचे नाव. आज गाडगीळ सूत्र हा शब्दप्रयोग स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आढळतो, परंतु त्यामागचा माणूस मात्र विस्मृतीत जात चालला आहे.

केंब्रिजहून पुण्यास

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपूरला झाले. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. तेथे लिहिलेला त्यांचा प्रबंध १९२४ साली ‘इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रिसेंट टाइम्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी लेखकाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. भारतातील उद्योगधंद्यांचे स्थित्यंतर कसे झाले, जुनी कारागिरी कशी मोडली, गिरण्या कशा उभ्या राहिल्या, याचा हा अभ्यास पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकासारखा वापरला.

मायदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात नोकरी केली. त्यानंतर १९२५ ते १९३० या काळात ते सुरतेच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्य होते. १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने पुण्यात गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था स्थापन केली आणि तिचे पहिले संचालकपद धनंजयरावांकडे आले. हे पद त्यांनी १९६६ पर्यंत सांभाळले. छत्तीस वर्षे एकाच संस्थेला वाहून घेणारे विद्वान आपल्याकडे विरळाच.

या संस्थेत त्यांनी जी कार्यपद्धती रुजविली, तीच त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया ठरली. आधी माहिती गोळा करायची, तीही प्रत्यक्ष घरोघर आणि शेतोशेत जाऊन, आणि मगच मत बनवायचे, हा तिचा गाभा होय. वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च त्यांनी तपासला. पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी केली आणि ती दोन भागांत प्रसिद्ध केली. शेतकऱ्याला शेती परवडते की नाही, शहरातले कुटुंब किती मिळवते व कशावर खर्च करते, हे प्रश्न त्या काळी भाषणांतून पुष्कळ मांडले जात. मात्र त्यांची उत्तरे आकड्यांनी देणारे फार थोडे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यटंचाई वाढली, तेव्हा भावनियंत्रण आणि रेशनिंग यांचा त्यांनी आग्रहाने पुरस्कार केला. टंचाईच्या काळात जे थोडे आहे ते सर्वांना दिसेल अशा नियमाने वाटले गेले पाहिजे, ही त्यांची भूमिका तेव्हापासूनची आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस हे तिचे अध्यक्ष, तर व्ही. के. आर. व्ही. राव आणि गाडगीळ हे सदस्य होते. देशाचे उत्पन्न किती, हे शास्त्रशुद्ध रीतीने ठरविण्याचा पाया या समितीने घातला. म्हणजे नियोजन आयोग स्थापन होण्यापूर्वीच, नियोजनाला लागणारी मोजमापे तयार करण्याच्या कामात धनंजयराव गुंतलेले होते.

प्रवरेच्या काठावरचा धडा

गाडगीळ केवळ ग्रंथांत रमणारे असते, तर त्यांचे चरित्र येथेच संपले असते. परंतु अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी परिसरात विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभारण्याच्या खटपटीत होते. त्यांना अर्थशास्त्राचा आणि सरकारदरबारीचा जाणकार हवा होता, तर गाडगीळांना सहकाराची कल्पना प्रत्यक्षात उतरताना पाहायची होती. या दोघांच्या सहकार्यातून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. कारखान्याचे पहिले अध्यक्षपद धनंजयरावांनी स्वीकारले आणि सुमारे दशकभर ते सांभाळले. पुण्याचा विद्वान आणि लोणीचा शेतकरी यांची ही जोडी महाराष्ट्राच्या सहकारी चळवळीत आजही आदराने स्मरली जाते.

या अनुभवाचे महत्त्व धनंजयरावांच्या लेखी मोठे होते. सावकाराच्या वहीत आपला आकडा काय लिहिला आहे हे ज्याला कधी कळले नाही, अशा शेतकऱ्याकडून भागभांडवल गोळा करायचे होते. तो पैसे देणार कशाच्या भरवशावर? सहकारी संस्थेत प्रत्येक सभासदाला एक मत असते, मग त्याचे शेअर कितीही असोत. वर्षाचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो. उसाला काय भाव मिळाला, तोच शेजाऱ्याला मिळाला की नाही, हे सभासदाला तपासता येते. विश्वासाचा जन्म होतो तो अशा तपासण्याच्या सोयीतून. नेत्याच्या शब्दावर बसलेला विश्वास त्या नेत्याबरोबर जातो. नियमावर बसलेला विश्वास टिकून राहतो.

याच सुमारास रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. अ. द. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील तिच्या मार्गदर्शक समितीत बी. वेंकटप्पय्या आणि एन. एस. आर. शास्त्री यांच्यासमवेत गाडगीळ होते. ७५ जिल्हे, ६०० गावे आणि सव्वा लाखांहून अधिक कुटुंबे एवढा या पाहणीचा आवाका होता. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालातून जे चित्र पुढे आले, ते विदारक होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारा वाटा जेमतेम ३ टक्क्यांचा होता. सरकारचा वाटाही तेवढाच. सावकारांचा वाटा मात्र सुमारे ७० टक्के होता. सहकाराचे गोडवे गाणाऱ्यांना हे आकडे झोंबणारे होते. पण गाडगीळ हे सहकाराचे कट्टर समर्थक असूनही, आपल्याच चळवळीचे अपयश आकड्यांत मांडणाऱ्या अहवालावर त्यांची सही आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाचे यापेक्षा वेगळे प्रमाणपत्र नको.

आयोगाचे टीकाकार

नियोजन आयोगाची स्थापना १५ मार्च १९५० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या ठरावाने झाली. त्याला राज्यघटनेचा आधार नव्हता आणि संसदेच्या कायद्याचाही नव्हता. पंतप्रधान अध्यक्ष असल्यामुळे आणि नेहरूंचे वजन मोठे असल्यामुळे ही उणीव प्रारंभी जाणवली नाही. पहिली योजना यशस्वी ठरली. दुसऱ्या योजनेने अवजड उद्योगांचा पाया घातला. भिलाई, राऊरकेला, दुर्गापूर ही नावे घरोघर पोहोचली.

या भारावलेल्या काळातही गाडगीळ आयोगाचे परखड टीकाकार होते. त्यांचा आक्षेप नियोजनावर नव्हता, कारण नियोजनाचे ते पुरस्कर्तेच होते. आक्षेप होता तो आयोगाच्या घडणीवर. मंत्री आयोगाचे सदस्य होतात आणि आयोगाचे सदस्य मंत्र्यांसारखे वागू लागतात. त्यामुळे सल्ला देणे, निर्णय घेणे आणि आपल्याच निर्णयाचे मूल्यमापन करणे ही तिन्ही कामे एकाच ठिकाणी एकवटतात, आणि चूक झाली तर ती दाखविणारा कोणी उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. भावांविषयी निश्चित धोरण नसेल आणि वाटपाची व्यवस्था नसेल, तर योजनेतील गुंतवणुकीचा लाभ मूठभरांनाच होईल, हेही ते सातत्याने बजावत होते.

पुढील घटनांनी त्यांची भीती खरी ठरविली. तिसऱ्या योजनेत (१९६१ ते १९६६) राष्ट्रीय उत्पन्न दरवर्षी साडेपाच टक्क्यांहून अधिक वाढावे असे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात वाढ तीन टक्क्यांच्या आतच राहिली. १९६२ आणि १९६५ अशी दोन युद्धे झाली. १९६५-६६ आणि १९६६-६७ असे सलग दोन दुष्काळ पडले. १९६४-६५ मध्ये सुमारे ८ कोटी ९० लाख टन असलेले धान्योत्पादन पुढच्याच वर्षी ७ कोटी २० लाख टनांवर घसरले. अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे देश डोळे लावून बसला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि एका डॉलरला ४ रुपये ७६ पैशांऐवजी साडेसात रुपये मोजावे लागू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चौथ्या योजनेचा मसुदा जाहीर झाला खरा, पण त्यातील हिशेब जाहीर होण्याआधीच कालबाह्य झाले होते. तो बाजूला ठेवावा लागला आणि तीन वर्षे केवळ वार्षिक योजनांवर काम चालले. लोक त्या काळाला नियोजनाची सुटी म्हणू लागले.

१९६७ च्या निवडणुकांनी यात राजकीय भर घातली. अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली. मद्रासमध्ये अण्णादुराईंचे, केरळात नंबुद्रीपाद यांचे, पश्चिम बंगालमध्ये अजय मुखर्जी यांचे सरकार आले. तोपर्यंत राज्यांना मिळणारी योजना-मदत योजनानिहाय ठरत असे. एखाद्या कामाला अमुक टक्के अनुदान, दुसऱ्याला तमुक टक्के कर्ज, अशा नाना तऱ्हा होत्या. साहजिकच राज्ये आपल्या गरजेपेक्षा जेथे अनुदान अधिक तेथे आपली कामे बसवीत. कोणत्या राज्याला किती आणि का, याचे एक उत्तर नव्हते. दिल्ली आणि राज्ये एकाच पक्षाच्या हाती होती तोवर हे वाद घरातल्या घरात मिटत. आता ते मिटणे शक्य नव्हते. दिल्ली आपल्या माणसांना झुकते माप देते, या संशयाला नुसत्या आश्वासनाने उत्तर देता येणार नव्हते.

टीकाकाराच्या हाती सूत्रे

प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६७ साली नियोजन यंत्रणेविषयी अहवाल दिला. आयोग हा तज्ज्ञांचा असावा, त्याने सल्ला द्यावा, कार्यकारी कामात गुंतू नये, मंत्र्यांची त्यातील गर्दी कमी व्हावी, असा त्याचा रोख होता. गाडगीळ दहा वर्षे जे सांगत होते, तेच आता सरकारी अहवालात आले होते. सप्टेंबर १९६७ मध्ये आयोगाची पुनर्रचना झाली आणि उपाध्यक्षपदी धनंजयरावांची नेमणूक झाली. त्यांच्या आधी हे पद अशोक मेहता यांच्याकडे होते. रामस्वामी वेंकटरामन, पीतांबर पंत, बी. डी. नागचौधुरी आणि ग्रामीण पतपाहणीतील जुने सहकारी वेंकटप्पय्या हे नवे सदस्य होते.

त्या वेळी धनंजयराव सहासष्ट वर्षांचे होते. गोखले संस्थेतून निवृत्त होऊन त्यांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद स्वीकारले होते, राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणूनही ते काम पाहत होते. मानमरातब पुरेसा मिळाला होता. ज्या संस्थेवर आयुष्यभर टीका केली, तिचीच धुरा पडत्या काळात घेणे हा सोपा निर्णय नव्हता. अपयश आले असते, तर टीकाकाराचे पितळ उघडे पडले असे म्हणणारे पुष्कळ निघाले असते.

राज्यांचा विश्वास परत मिळविणे हे त्यांच्यापुढील पहिले काम होते. त्यासाठी त्यांनी निवडलेला मार्ग त्यांच्या स्वभावाला साजेसा होता. राज्यांना मिळणारी केंद्रीय मदत आयोगाच्या मर्जीवर न ठेवता एका सूत्राने वाटावी, आणि ते सूत्र मुख्यमंत्र्यांच्या संमतीने ठरावे. राष्ट्रीय विकास परिषदेत १९६८ मध्ये यावर चर्चा झाली आणि १९६९ साली त्यावर शिक्कामोर्तब झाले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर या तीन राज्यांची गरज आधी भागवायची. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के वाटप लोकसंख्येनुसार, १० टक्के दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के उत्पन्नाच्या मानाने राज्य किती कर गोळा करते हे पाहून, १० टक्के पाटबंधारे व विजेच्या चालू मोठ्या प्रकल्पांसाठी, आणि शेवटचे १० टक्के राज्यांच्या विशेष अडचणींसाठी. मदतीतील ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज, हे प्रमाणही या सर्व राज्यांना सारखेच ठेवण्यात आले. हेच पुढे गाडगीळ सूत्र म्हणून प्रसिद्धीस आले.

या सूत्राची खरी थोरवी त्याच्या टक्केवारीत शोधू नये. टक्केवारीवर वाद तेव्हाही होते. थोरवी होती ती त्याच्या उघडेपणात. मद्रासचा वा कोलकात्याचा कोणताही अधिकारी जनगणनेचा अहवाल आणि उत्पन्नाचे आकडे पुढे घेऊन आपल्या राज्याच्या वाट्याचा बहुतेक हिशेब स्वतः करू शकत होता. शेवटचे १० टक्के वगळता मर्जीला फारसा वाव उरला नव्हता. प्रवरेच्या सभासदाला उसाच्या भावाचा हिशेब जसा तपासता येई, तसाच आता राज्यांना दिल्लीचा हिशेब तपासता येऊ लागला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. धनंजयराव संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सामील झालेले, मराठी अस्मितेचा अभिमान बाळगणारे होते. तरीही त्यांच्या सूत्रातील दरडोई उत्पन्नाच्या निकषाखाली महाराष्ट्राच्या पदरात काहीच पडणार नव्हते, कारण महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून अधिक होते. सूत्र करणाऱ्याने आपल्या प्रांताला वेगळी वाट करून दिली नाही, हे इतर राज्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

राष्ट्रीय विकास परिषदेने त्याच काळात आणखी एक मर्यादा घातली. केंद्र पुरस्कृत योजनांची रक्कम राज्यांना द्यावयाच्या केंद्रीय मदतीच्या एकषष्ठांशाहून अधिक असू नये, असे ठरले. सूत्राने दिलेले स्वातंत्र्य दिल्लीच्या अन्य योजनांच्या मार्गाने काढून घेतले जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

जिल्हा हाच एकक

राज्यांचा विश्वास हा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा जिल्ह्याजिल्ह्यांत आणि गावागावांत मिळवायचा होता. जिल्ह्यातील पाणी, जमीन, रस्ते, बाजार यांची नोंद घेऊन तेथेच योजना आखली जावी, असा धनंजयरावांचा आग्रह होता. १९६९ साली आयोगाने राज्यांना जिल्हा नियोजनाविषयी मार्गदर्शक सूचना पाठविल्या. महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यरत असल्याने ही कल्पना येथे परकी वाटली नाही.

पतपुरवठ्याबाबतही त्यांनी हाच विचार मांडला. राष्ट्रीय पत परिषदेने नेमलेल्या अभ्यासगटाचे ते अध्यक्ष होते. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी या गटाचा अहवाल आला. प्रत्येक जिल्हा एखाद्या बँकेच्या जबाबदारीवर सोपवावा आणि तिने तेथील पतपुरवठ्याचा आराखडा करावा, हा त्यातील क्षेत्रनिहाय दृष्टिकोन रिझर्व्ह बँकेने स्वीकारला. त्यातूनच अग्रणी बँक योजना जन्मास आली. आजही जिल्हाधिकारी कार्यालयात वार्षिक पतआराखड्याची बैठक होते, पीककर्जाचे उद्दिष्ट ठरते आणि कोणत्या बँकेने किती वाटप केले याची विचारणा होते, ती या योजनेमुळेच. असोद्याच्या शेतकऱ्याला हंगामाच्या तोंडावर बँकेने कर्ज नाकारले, तर दाद मागण्यासाठी जी यंत्रणा आहे, तिचा आराखडा पुण्याच्या या अर्थशास्त्रज्ञाने घालून दिला आहे.

यश आणि अपयश

चौथी योजना १ एप्रिल १९६९ पासून सुरू झाली आणि तिचा अंतिम आराखडा १९७० मध्ये संसदेपुढे आला. सरकारी क्षेत्रासाठी तीत सुमारे १५,९०० कोटी रुपयांची तरतूद होती. स्थैर्यासह वाढ हे तिचे सूत्र होते. धान्याचा राखीव साठा, लहान शेतकऱ्यांसाठी खास कार्यक्रम, परकीय मदतीवरील अवलंबन कमी करणे, यांवर भर होता. भव्य स्वप्ने दाखविण्याऐवजी जे जमेल तेवढेच सांगावे, ही धनंजयरावांची वृत्ती तीत उतरली होती. १९७०-७१ मध्ये धान्योत्पादन १० कोटी ८० लाख टनांवर गेले. याचे श्रेय नवे बियाणे, पाणी आणि कष्टाळू शेतकरी यांचे आहे. पण योजना पुन्हा सुरू झाली होती आणि निरनिराळ्या पक्षांचे मुख्यमंत्री तिच्या बैठकीला बसत होते, हे श्रेय आयोगाचे.

अपयशही लपविण्याचे कारण नाही. चौथ्या योजनेचे वाढीचे उद्दिष्ट ५.७ टक्के होते. प्रत्यक्षात ते ३.३ टक्क्यांवरच अडखळले. लोकसंख्येला ६० टक्के वजन दिल्याने मागास राज्यांना पुरेसा न्याय मिळाला नाही, अशी तक्रार तेव्हापासून होत राहिली. आयोग केवळ सल्लागार झाल्याने त्याचा दरारा कमी झाला, असेही अनेकांना वाटले. भावनियंत्रण आणि सार्वजनिक वाटप यांविषयी धनंजयरावांना जे घडावे असे वाटत होते, त्यातील पुष्कळसे घडले नाही. एकषष्ठांशाची मर्यादा तर पुढच्या काळात पार ओलांडली गेली. केंद्र पुरस्कृत योजना वाढत राहिल्या आणि सूत्राबाहेरचा पैसा सूत्रातल्या पैशावर मात करू लागला.

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीनंतर आयोगाची पुन्हा रचना झाली आणि धनंजयराव पदमुक्त झाले. दिल्लीचा निरोप घेऊन ते पुण्याकडे निघाले, पण पुण्याला पोहोचू शकले नाहीत. ३ मे १९७१ रोजी परतीच्या प्रवासातच त्यांचे निधन झाले. सत्तरी नुकतीच पूर्ण झाली होती. त्यांचे पुत्र माधव गाडगीळ यांनी पुढे पर्यावरणशास्त्रात नाव मिळविले. पश्चिम घाटाविषयीच्या अहवालात त्यांनी निर्णयाचा अधिकार ग्रामसभेकडे असावा असा आग्रह धरला, त्यामागे वडिलांचा वारसा होता असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

सूत्र उरले

गाडगीळ सूत्रात १९८० मध्ये बदल झाला. चालू प्रकल्पांचे १० टक्के काढून ते कमी उत्पन्नाच्या राज्यांकडे वळविण्यात आले. १९९१ मध्ये प्रणव मुखर्जी उपाध्यक्ष असताना आणखी फेरफार होऊन ते गाडगीळ-मुखर्जी सूत्र म्हणून ओळखले जाऊ लागले. १५ ऑगस्ट २०१४ रोजी नियोजन आयोग गुंडाळण्याची घोषणा झाली आणि १ जानेवारी २०१५ रोजी त्याच्या जागी नीती आयोग आला. त्याच्याकडे राज्यांना निधी वाटण्याचे काम ठेवण्यात आले नाही. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला आणि सूत्रानुसार मिळणारी योजना-मदत बंद झाली.

आयोग गेला, तरी धनंजयरावांनी रुजविलेला विचार मात्र गेलेला नाही. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून ग्रामपंचायतींसाठी थेट निधीची शिफारस केली, तेव्हा राज्याराज्यांतील वाटपासाठी ९० टक्के वजन लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला दिले. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायती त्या निधीचे आराखडे तयार करू लागल्या. जिल्हा नियोजन समितीला तर आता राज्यघटनेचाच आधार आहे.

या साऱ्या यंत्रणेविषयी गावोगावी तक्रारी आहेत. आराखडे कार्यालयात बसून होतात, ग्रामसभेला गणपूर्ती नसते, पालकमंत्री कोणाचा यावर निधी ठरतो, असे लोक बोलतात. या तक्रारींवर भाषण हा उपाय नाही, हे धनंजयरावांच्या चरित्रावरून दिसते. कोणाला किती मिळणार याचा नियम आधी ठरवावा, तो सर्वांच्या संमतीने ठरवावा, आणि सामान्य माणसाला हिशेब करून पाहता येईल इतका तो सोपा असावा. ठरवणाऱ्याने त्यातून स्वतःला व स्वतःच्या माणसांना वगळू नये. १८५२ साली खानदेशच्या शेतकऱ्याने मोजणीला विरोध केला, कारण मोजणीच्या हिशेबात त्याला स्थान नव्हते. असोद्याच्या ग्रामसभेत आज कोणी उठून आपल्या गावाच्या निधीचा आकडा कसा आला असे विचारले आणि त्याला कागदावर उत्तर मिळाले, तर पुण्याच्या या अर्थशास्त्रज्ञाचे दिल्लीतले काम व्यर्थ गेले नाही, असे खात्रीने म्हणता येईल.